खोली किती असावी?

खाऱ्या पाण्याचे मोठे मत्स्यालय घरात मांडायचे ठरले की पहिला प्रश्न मापांचा येतो. लांबी किती, रुंदी किती, उंची किती? हा प्रश्न बहुधा काच कापणाऱ्याला विचारला जातो, किंवा दुकानदाराला, फार तर दिवाणखान्याची सजावट करून देणाऱ्याला. त्या त्या माणसाचे उत्तर त्याच्या धंद्यापुरते बरोबरही असते. आमचे म्हणणे एवढेच की या तिघांपैकी कोणीही पेटीच्या आत राहायला जाणार नसतो, आणि प्रश्न मुळात आत राहणाऱ्याचा आहे.

साहित्य आणि समीक्षा यांना वाहिलेल्या जागी असा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यांना आम्ही ‘घाट’ या शब्दाची आठवण करून देऊ. समीक्षेच्या परिभाषेत येण्यापूर्वी तो शब्द भांड्यांना लागत होता, अजूनही लागतो. तांब्याचा घाट, घागरीचा घाट. मर्ढेकरांपासून पुढे रूप आणि आशय यांच्या नात्यावर मराठीत पुष्कळ शाई खर्च झाली. पात्र वेगळे आणि पात्रातला रस वेगळा, ही विभागणी टिकत नाही, असे आपण वर्गात शिकवतो, विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत लिहितात, आणि आपण त्याला गुणही देतो. मग घरी येऊन आपणच पात्राचे माप भिंतीवरच्या रिकाम्या जागेवरून ठरवतो. कविता लिहिणाऱ्याला निदान खाडाखोड करता येते. काचेची पेटी एकदा सिलिकॉनने जोडली की तिचा घाट पक्का झाला. त्यानंतर जे काही बदलायचे ते आतल्या जिवांनी.

निमित्त करंजाड्याचे आहे. आमचे एक स्नेही, पेशाने मराठीचे अध्यापक, तिथे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांनी मोठ्या हौसेने मापांचा कागद आम्हाला दाखवला: लांबी ४ फूट, रुंदी दीड फूट, उंची ३ फूट. ‘‘सर, उंच घ्या, भिंतीला चित्र लावल्यासारखं दिसेल, जागाही कमी अडेल,’’ असे दुकानदाराने सांगितले होते. जागा कमी अडेल हे खरेच होते. चित्रासारखे दिसेल हेही खरे होते, आणि आमची सारी हरकत त्या एका उपमेला आहे.

हरकतीकडे वळण्याआधी करंजाड्याविषयी थोडे. पनवेल शहराला लागून, गाढी नदीच्या काठावर सिडकोने वसवलेली ही वसाहत. थोडे खाली गेले की गाढी पनवेलच्या खाडीला मिळते. हा सगळा मुलूख मुळात खाऱ्या पाण्याचा: खाजणे, कांदळवने, भातखाचरे आणि मिठागरे यांचा. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावे उठली, त्यांतल्या काहींचे पुनर्वसन याच वडघर-करंजाडे पट्ट्यात झाले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी उतरवली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, पाणथळ जमिनीवर भराव पडला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले. ज्यांच्या आजोबांनी दारापुढची भरती-ओहोटी पाहून दिवसाची कामे ठरवली, त्यांचे नातू आज त्या भरावाच्या आसपास सदनिकांतून राहतात. अशा ठिकाणी खारे पाणी विकतच्या क्षारांपासून कालवून दुसऱ्या मजल्यावर ठेवायचे, यातला विरोधाभास कोणालाही दिसेल. आम्ही त्यावर टाळ्या घेऊ इच्छित नाही. खाडीचे पाणी उचलून पेटीत ओतता येत नाही हेही खरे आहे; ते गढूळ असते, त्यात शहराचे आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळलेले असते, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा इतका उतरतो की प्रवाळभित्तीत वाढलेला मासा त्यात जगणार नाही. तेव्हा कृत्रिम समुद्र हाच मार्ग उरतो. त्याचे माप तरी नीट असावे.

आता त्या उंचीकडे. ४ × १॥ × ३ फूट म्हणजे १८ घनफूट, सुमारे ५१० लिटर पाणी. आम्ही त्याच कागदाच्या मागे दुसरे माप लिहिले: लांबी ५ फूट, रुंदी अडीच फूट, उंची २० इंच. हे सुमारे ५९० लिटर होते. म्हणजे पाणी आधीपेक्षा जास्तच. पण पाण्याचा दाब पाण्याच्या एकूण साठ्यावर अवलंबून नसतो, तो केवळ खोलीवर अवलंबून असतो, ही गोष्ट पास्कलच्या काळापासून माहीत असूनही प्रत्येक पिढीला नव्याने चकित करते. ३ फूट उंचीच्या पेटीत समोरच्या काचेला पाणी एकूण सुमारे ५२० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ढकलत असते. आमच्या लांब-रुंद पेटीत, पाणी अधिक आणि काच लांब असूनही, तोच जोर २०० किलोंच्या आसपास राहतो. उंची दुप्पट केली तर हा जोर चौपट होतो. काच जाड घ्यावी लागते, काच जाड झाली की खर्च वाढतो, वजन वाढते आणि साध्या काचेची हिरवी झाक आतल्या रंगांवर चढते. चित्रासारखे दिसण्याची एवढी किंमत, आणि चित्रही हिरवट.

पृष्ठभागाचा हिशेब याहून महत्त्वाचा. पाण्यात प्राणवायू शिरतो आणि कर्बवायू बाहेर पडतो तो मुख्यतः वरच्या उघड्या पृष्ठभागातून. उंच पेटीला हा पृष्ठभाग ६ चौरस फूट, आमच्या मापाला साडेबारा. पंप चालू आहेत तोवर हा फरक जाणवत नाही. वैशाखात दुपारी तीन तास वीज गेली की जाणवतो. उंच पेटीतले मासे तेव्हा वर येऊन तोंडे उघडू लागतात. रुंद पेटीतल्यांना थोडा अवधी अधिक मिळतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावाच, तो मुद्दा वेगळा.

मराठीत ‘खोली’ हा शब्द मोठा सोयीचा आणि मोठा फसवा आहे. राहण्याची जागा ती खोली, आणि तळ किती दूर आहे याचे माप तेही खोलीच. मत्स्यालयाच्या बाबतीत या शब्दाने आणखी एक गोंधळ घातला आहे. दुकानदार जिला उंची म्हणतो ती माशाच्या दृष्टीने खोली. आणि समोर बसून पाहणाऱ्याला ‘खोली आहे’ असे जे वाटते, कड्यामागे कडा, त्यामागे अंधुक निळाई, ते सगळे येते रुंदीतून. समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतच्या अंतरातून. दीड फूट रुंदीत दगड रचले की ते मागच्या काचेला टेकतात आणि भिंत तयार होते. अडीच फूट रुंदीत त्याच दगडांची दोन बेटे होतात, मध्ये वाट राहते, मागून पुढे येता येते, पाठलाग करणाऱ्यापासून नजरेआड होता येते. म्हणजे उंचीने पाहणाऱ्याला खोली मिळत नाही आणि राहणाऱ्याला खोली, म्हणजे राहण्याची जागा, तीही मिळत नाही. तिन्ही परिमाणांत रुंदीची एवढी उपेक्षा का होते? आमच्या मते, ती समोरून मोजता येत नाही म्हणून. छायाचित्रात ती दिसत नाही. पाहुणे ‘वा! केवढी मोठी टाकी’ म्हणतात ते लांबी-उंची पाहून.

लांबी मात्र माशागणिक ठरते, आणि इथे सरसकट सल्ला देणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’पासून ज्याच्यासाठी मुले हट्ट धरतात तो क्लाऊनफिश समुद्रातही एका समुद्रफुलाच्या आसपासच आयुष्य काढतो, त्याला ४ फूट पुरतात. उलट टँग कुळातले मासे दिवसभर शेवाळ खुडत मोठ्या परिसरात हिंडणारे. त्यांना ६ फुटांखालची पेटी देऊच नये, आणि देता येत नसेल तर तो मासा आणू नये. ५ फुटांच्या पेटीत टँग नाही, हे आमच्या स्नेह्यांना रुचले नाही. निळ्या रंगाचा एक तरी हवा होता त्यांना. बॅटफिशसारख्या काही माशांचे पंख वर-खाली एवढे पसरतात की त्यांना उंची लागते हे मान्य. पण ते इतके वाढतात की घरातली कुठलीच पेटी त्यांना पुरत नाही. उंच पेटीच्या बाजूने एवढा एकच खरा युक्तिवाद आहे आणि तोही घराबाहेर नेणारा.

मुंबईकरांच्या मनातली मत्स्यालयाची कल्पना घडवली ती मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. १९५१ साली ते सुरू झाले तेव्हापासून शाळांच्या किती सहली तिथे गेल्या असतील! भिंतीत बसवलेल्या उजळ चौकटी, समोर अंधारी वाट, आणि चौकटीपुढे नाक चिकटवलेली मुले. २०१५च्या नूतनीकरणात तिथे १२ फूट लांबीचे ॲक्रिलिकचे भुयार आले. पाहणाराच जणू पेटीत शिरला आणि मासे त्याच्या डोक्यावरून फिरू लागले. गंमत अशी की घरी पेटी घेताना आपण अजून त्या १९५१च्या चौकटीचीच नक्कल करत असतो. सार्वजनिक मत्स्यालयात चौकटीमागे काय यंत्रणा आहे ते प्रेक्षकाला दिसत नाही. घरी चौकट तेवढी येते. मागची यंत्रणा कुठे ठेवायची हा प्रश्न पेटी आल्यावर सुचतो.

आता जमीन, म्हणजे खरे तर खालच्या शेजाऱ्याचे छत. राहत्या घराची जमीन आखताना भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरला जातो; माणसे, कपाटे, पलंग सगळे त्यात. उंच पेटीतले नुसते पाणी तळाखाली चौरस मीटरला ९३० किलोंहून अधिक भार टाकते. आमच्या मापात तो ५२० होतो. त्यात काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालची गाळण-टाकी मिळवली की एकूण वजन टनाच्या आसपास जाते. दहा बाय बाराच्या खोलीच्या संपूर्ण जमिनीवर मिळून गृहीत धरलेला भार सुमारे २२०० किलो, त्यातला जवळजवळ अर्धा एका कोपऱ्यात. याचा अर्थ जमीन लगेच खचेल असा नाही. बीमलगत, भिंतीच्या कडेने ठेवलेली पेटी आणि स्लॅबच्या मधोमध ठेवलेली पेटी यांत फार फरक असतो. पण तो फरक किती, हे सांगण्याचा अधिकार स्ट्रक्चरल इंजिनियरचा आहे. दुकानदाराच्या ‘‘काही होत नाही सर’’ला इथे किंमत नाही. सोसायटीला कळवावे आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही कळवावे. त्यांच्या डोक्यावर समुद्र येणार आहे, तो त्यांना न विचारता येऊ नये.

पाण्याचा प्रश्न याहून नाजूक. जितके पाणी जास्त तितके ते स्थिर, तापमान आणि क्षारता यांत एकाएकी चढउतार होत नाहीत, म्हणून मोठी पेटी सांभाळायला सोपी, असे जाणकार सांगतात. रसायनशास्त्र म्हणून ते खरे आहे. पण ५९० लिटरांना लिटरमागे ३५ ग्रॅमप्रमाणे वीस किलोंवर क्षार लागतात. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे तर दर वेळी दोन किलो क्षार आणि साठेक लिटर आरओचे पाणी. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकते. शिवाय रुंद पेटीतून वाफ जास्त जाते, हा आमच्या मापाचा दोष आम्ही लपवत नाही. वाफेने फक्त पाणी जाते, क्षार मागे राहतात, म्हणून रोज गोडे पाणी भरावे लागते. ज्या वसाहतींत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते तिथे हा हिशेब निर्मळ मनाने करता येत नाही. आरओचे फेकलेले पाणी लादी पुसायला, भांड्यांना, झाडांना वापरण्याची सोय आधी करावी आणि मग पेटीचे माप ठरवावे. ती सोय जेवढी होईल तेवढीच पेटी. हा निकष आम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडला नाही, पण करंजाड्यात तोच पहिला असला पाहिजे. वीज, आणि पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवणारा चिलर, यांचे बिल महिन्याच्या महिन्याला आपोआप समजते. त्याबद्दल वेगळे लिहायला नको.

घरगुती समुद्राच्या हौसेला पावणेदोनशे वर्षे होत आली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अक्वेरियम’ प्रसिद्ध झाले. हा शब्द रूढ झाला तो त्यांच्यामुळे. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी चार क्षारांपासून समुद्राचे पाणी बनवण्याची कृतीही त्यांनीच दिली. आमच्या स्नेह्यांच्या घरी येणारी क्षारांची बादली ही तिचीच दूरची वारस. पुस्तके लोकप्रिय झाली, हौशी लोक बादल्या घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यांवर उतरले. पुढे १९०७ साली त्यांच्या मुलाने, एडमंड गॉस या समीक्षकाने, ‘फादर अँड सन’मध्ये या हौशींनी खडकांमधली जिवंत कुंडे कशी उजाड केली ते खेदाने लिहून ठेवले. वडिलांच्या वाचकांनीच ते केले, ही त्यातली खरी वेदना. आत्मचरित्र शिकवताना हे पुस्तक अभ्यासक्रमात येते तेव्हा पिता-पुत्रांचा धार्मिक संघर्ष तेवढा शिकवला जातो; ती उजाड झालेली कुंडे सहसा वगळली जातात.

तीच कुंडे आज आपल्यापुढे आहेत. खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांच्या बहुसंख्य जाती अजूनही समुद्रातून पकडूनच आणल्या जातात. आपल्याकडे प्रवाळे आणि समुद्रघोडे २००१पासून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. तेव्हा ‘जिवंत दगड’ म्हणून कोणी प्रवाळाचे तुकडे देऊ केले तर घेऊ नयेत, साधे सच्छिद्र दगड किंवा भाजलेल्या मातीचे खडक वापरावेत. क्लाऊनफिशची पैदास बंदिस्त पाण्यात होऊ शकते. आपल्याच ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात तसा उपक्रम हाती घेतला गेला. पैदास केलेला मासा लहान जागेत जन्मतो आणि वाढतो, म्हणून आमच्या पाच फुटांच्या पेटीत तोच शोभतो. मासा कुठून आला हे कळल्याखेरीज पेटी किती मोठी हवी हे सांगता येत नाही, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

याच जिल्ह्यात घराशेजारी मासे ठेवण्याची जुनी रीत आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अलिबाग-पेणकडच्या खारपट्ट्यात घराच्या जोत्यासाठी भराव लागे. तेवढी माती शेजारी खणून काढत, आणि राहिलेल्या खड्ड्याचा तलाव होई. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्ले त्यात सोडत. जिताडा समुद्रात जन्मतो, गोड्या पाण्यात वाढू शकतो, तरुणपणी नर असतो आणि पुढे मादी होतो. असला बहुरूपी प्राणी अंगणातल्या पाण्यात वाढत राही आणि लेक माहेरपणाला आली की ताटात येई. हौसेचा आणि जेवणाचा प्रश्न वेगळा, हे आम्हाला कळते. आमचे लक्ष मापाकडे आहे. त्या तलावाची लांबी-रुंदी कोणी डोळ्यांना बरी दिसावी म्हणून ठरवली नव्हती. घराला जेवढी माती लागली तेवढे पाणी घराने सांभाळायचे, असा तो हिशेब होता. फ्लॅटमध्ये जोते नसते, पण गच्चीवरची टाकी असते, बीम असतो, खालचा शेजारी असतो. हिशेब घालायला तेवढे पुरे.

आमच्या स्नेह्यांनी ५ × २॥ फूट आणि २० इंच हे माप तत्त्वतः मान्य केले आहे. २० इंचांत कोपर बुडवून तळापर्यंत हात पोचतो. ३ फुटांच्या पेटीला अडीच फुटांच्या स्टँडवर चढवले असते तर दर रविवारी स्टुलावर उभे राहून काठीने तळ साफ करावा लागला असता. आता अडचण निराळीच निघाली आहे. ५ फूट लांबीची अखंड पेटी त्यांच्या लिफ्टमध्ये मावत नाही, आणि जिन्याच्या वळणावर ती फिरवायची तर चार हमाल आणि बरेच नशीब लागेल. काचा सुट्या वर नेऊन जागेवरच जोडाव्यात असे ठरते आहे. सिलिकॉन पुरते वाळायला निदान आठवडा द्यावा, स्टँड चारी बाजूंनी पाणसळीने तपासावा, मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे म्हणजे नळ्यांना आणि हाताला जागा राहील. तोपर्यंत त्यांनी दिवाणखान्याच्या लादीवर खडूने ५ बाय २॥चा चौकोन आखून ठेवला आहे. दार पूर्ण उघडले की तो चौकोन तीन इंच दारात येतो, असे काल फोनवर कळले.